घरांच्या दलालीत वीस वर्षे टिकायचे तर

पत्र: मी सात वर्षांपासून राहत्या घरांच्या खरेदी-विक्रीचे काम करते, त्यातही बहुतेक घरे रीसेलची असतात. कधी दोन महिन्यांत तीन व्यवहार होतात, तर कधी पाच महिने एकही होत नाही. आता एका बिल्डरने पगारी नोकरी देऊ केली आहे आणि मी ती घ्यावी असे घरच्यांना वाटते. ज्यांना मी त्यांचे पहिले घर मिळवून दिले, त्या जुन्या ग्राहकांनी दुसरे घर दुसऱ्याच एजंटमार्फत घेतल्याचे नुकतेच कळले आणि ते मनाला फार लागले. नवी मुले व्हिडिओ टाकून ग्राहक मिळवतात, मला ते जमत नाही. शिवाय सध्या माझ्याकडे एक फ्लॅट विक्रीला आहे. त्याच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला ओल होती, ती मालकांनी रंग देऊन झाकली आहे आणि खरेदीदाराला काही सांगू नका असे मला बजावले आहे. बहिणीचा मुलगा माझ्याबरोबर काम शिकायचे म्हणतो, त्याला घ्यावे का? आणि आणखी वीस वर्षे हेच काम करता येईल असा काही मार्ग आहे का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. ओलीचा प्रश्न तुम्ही पत्रात जाता जाता विचारल्यासारखा लिहिला आहे, पण मी सुरुवात तिथूनच करतो, कारण बाकीच्या प्रश्नांना सवड आहे, त्या फ्लॅटला नाही. उद्या एखादी पार्टी टोकन देऊन मोकळी झाली, तर बोलण्याची वेळ निघून गेलेली असेल.

मालकाचे हित सांभाळणे हे त्याच्या एजंटचे कर्तव्य आहे, याबद्दल दुमत नाही. मालकाला पैशांची किती घाई आहे, तो शेवटी कोणत्या आकड्यापर्यंत खाली येईल, घर विकण्यामागे घरात काय घडले आहे, या गोष्टी त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलेल्या असतात आणि त्या खरेदीदाराच्या कानावर घालणे हा उघड विश्वासघात ठरेल. परंतु घराचा दोष हे मालकाचे गुपित होऊ शकत नाही, कारण तो दोष घरासोबत खरेदीदाराच्या मालकीचा होणार असतो आणि त्याची किंमत खरेदीदारच मोजणार असतो. भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ ने विक्रेत्यावर असे बंधन घातले आहे की, जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो त्याने उघड करावा. इतर अनेक देशांत ही जबाबदारी एजंटपर्यंतही येऊन पोहोचते.

मालकांशी बोलताना मात्र कायद्याआधी हिशेब काढा. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून की भिंतीत गाडलेल्या नळातून, ओल नेमकी कुठून येते हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायला सांगा. त्यानंतर दुरुस्ती करून तिची पावती खरेदीदाराला दाखवायची, किंवा दुरुस्तीच्या खर्चाचा लेखी अंदाज त्याच्यापुढे ठेवून तेवढी रक्कम बोलणीत धरायची, हे दोन मार्ग त्यांच्यापुढे आहेत. दोन्ही मान्य नसतील तर ते घर तुम्ही सोडावे. ओल झाकली म्हणजे ती सापडणार नाही, हा मालकांचा भ्रम आहे. चार भिंतींपैकी एकाच भिंतीचा रंग ताजा असतो, तिच्यावरच्या स्विचबोर्डाच्या स्क्रूंना गंज चढलेला असतो, कपाट वीतभर पुढे ओढले की मागचे प्लास्टर फुगलेले दिसते आणि स्कर्टिंगच्या वर हाताची पालथी बाजू टेकवली की गारवा लागतो. खरेदीदाराने सोबत आणलेल्या एखाद्या जाणत्या नातेवाइकाला हे पाच मिनिटांत कळते. टोकन झाल्यावर ते कळले तर खरेदीदार दुरुस्तीचे पैसे कापून थांबत नाही. जिथे एक गोष्ट लपवली तिथे आणखी काय काय असेल, असे म्हणून तो व्यवहारच मोडतो, आणि त्या मोडलेल्या व्यवहाराची बातमी आजूबाजूच्या इमारतींत फिरते ती मालकाच्या नावाने नव्हे, तुमच्या.

तुमच्या वीस वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर मला याच फ्लॅटमध्ये दिसते. इतर बहुतेक व्यवसायांत ग्राहक महिन्या-दोन महिन्यांनी परत येतो आणि तुम्ही चांगले की वाईट याचा निवाडा लवकर होतो. सामान्य कुटुंब मात्र आयुष्यात एकदा, दोनदा, फार तर तीनदा घर घेते. व्यवहार चालू असताना तुमचा सल्ला योग्य आहे की नाही हे पारखण्याचे कोणतेही साधन त्या कुटुंबाकडे नसते. ते पारखले जाते नंतर, घरात राहायला गेल्यावर: पाण्याचा दाब तुम्ही सांगितला तसा आहे का, रात्री रस्त्याचा आवाज किती येतो, कागदपत्रांत पुढे काही निघाले का, मेंटेनन्सची थकबाकी आधीच्या मालकाने खरोखर भरली होती का. ही पारख वर्षानुवर्षे चालते, तुमच्या माघारी चालते, आणि त्या काळात तुम्हाला तिच्यातून एक पैसाही मिळत नाही. ज्या एजंटचा सल्ला घरात राहून पाहिल्यावरही खरा ठरतो, त्याच्याकडे त्या घरातून भाऊ येतो, सहकारी येतो, शेजारी येतो. ज्याचा ठरत नाही, त्याला दर महिन्याला नवे अनोळखी लोक शोधावे लागतात आणि हे शोधणे पंचविशीत जमते तसे पन्नाशीत जमत नाही. तुमची पहिली सात वर्षे बहुधा अशा शोधात गेली आहेत. पुढची वीस तशी जायची नसतील तर कामाची आखणीच या लांब पारखीला धरून करावी लागेल.

त्यासाठी आधी ग्राहकाच्या मनातला संशय समजून घ्या, कारण तो निराधार नाही. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींच्या नोंदी तपासून २००८ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एजंटांनी स्वतःच्या मालकीची घरे विकली तेव्हा ती ग्राहकांच्या तशाच घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली, असे त्यांना आढळले. याचे कारण दलालीच्या गणितात आहे. दलाली दोन टक्के धरली आणि आणखी पंधरा दिवस थांबल्याने किंमत तीन टक्क्यांनी वाढली, तर मालकाच्या पदरात ते जवळपास सगळे तीन टक्के पडतात. एजंटच्या पदरात त्या वाढीचे दोन टक्के, म्हणजे मूळ किमतीच्या हजारातला एक भागही पडत नाही. पंधरा दिवस फोन, फेऱ्या आणि व्हिजिटा मात्र त्यालाच कराव्या लागतात. म्हणून ‘आलेली ऑफर घेऊन टाका’ असे सांगण्याकडे त्याचा कल आपोआप होतो, मग तो मनाने कितीही सरळ असो.

हे गणित ग्राहकाला तुम्हीच आधी सांगा, असा माझा आग्रह आहे. पहिल्याच बैठकीत ‘माझा फायदा लवकर विकण्यात आहे, तुमचा चांगल्या किमतीत आहे, म्हणून येणारी प्रत्येक ऑफर मी तुम्हाला लेखी कळवीन आणि थांबायचे की नाही हे तुम्ही ठरवाल’ एवढे बोलून ते शब्दशः पाळले, तर पुष्कळ काम होते. दोन्ही बाजूंकडून ब्रोकरेज घेण्याचा प्रश्नही इथेच येतो. ज्या ठिकाणी कायदा याला परवानगी देतो तिथेही ते दोघांना लेखी सांगूनच घ्यावे, आणि त्यानंतर किमतीबाबत कोणालाच सल्ला देऊ नये, कारण एकाच आकड्यावर दोघांचे भले करणे कोणाला शक्य नाही. किंमत परस्पर फुगवून मधला फरक खिशात घालणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही. त्यांना वीस वर्षांची चिंता नसते.

आता तुमच्या जुन्या ग्राहकांविषयी. तुम्हाला वाईट वाटले हे साहजिक आहे, पण ताबा दिल्यानंतर तुम्ही त्यांना शेवटचा फोन केव्हा केला होता, हे पत्रात कुठेच आलेले नाही. माझा अंदाज असा की केलाच नसेल, आणि बहुतेक एजंट करत नाहीत. दलाली जमा झाली की त्यांच्या लेखी पार्टीचे काम संपते. वास्तविक तिथून पुढे तुमची ओळख जिवंत ठेवण्याचे काम सुरू होते आणि ते काम एका साध्या वहीवर चालते. प्रत्येक कुटुंबासाठी एक पान ठेवा आणि त्यावर व्यवहाराची तारीख, क्षेत्रफळ, खरी किंमत, कर्जाची मुदत आणि घर घेताना त्यांनी कशावर तडजोड केली हे लिहा. माझ्या मते यांतली शेवटची नोंद सर्वांत मोलाची आहे. ‘आईंना जिने चढवत नाहीत, पण लिफ्टच्या इमारतीत बजेट बसले नाही’, ‘मुलीला वेगळी खोली हवी होती’, ‘बाल्कनी सोडावी लागली’ अशा ओळी त्या पानावर असतील, तर तीन वर्षांनी लिफ्टच्या इमारतीतले बजेटात बसणारे घर आले की कोणाला फोन करायचा हे तुम्हाला शोधावे लागणार नाही. माणसे घर बदलतात ती लग्न, मूल, बदली, आजारपण, वाटणी, मृत्यू अशा कारणांनी. जाहिरात पाहून कोणी घर बदलत नाही. ही वही खाजगी आहे, एवढे भान मात्र ठेवा. एका घरातले दुसऱ्या घरात बोललात की वही असून नसल्यासारखी होईल.

फोन कशासाठी करायचा, हा पुढचा प्रश्न. ताबा दिल्यावर महिन्याभराने एकदा करावा आणि काय अडले आहे ते विचारावे: वीजबिलावर नाव लागले का, कुलपाच्या सगळ्या किल्ल्या मिळाल्या का, आधीच्या मालकाने कबूल केलेली एखादी वस्तू राहिली का. त्यांतले एखादे काम तुमच्या एका फोनने होण्यासारखे असते, ते करून द्यावे. त्यानंतर वर्षातून एक-दोनदा, त्यांच्या उपयोगाची खरी माहिती असेल तेव्हाच संपर्क साधावा. ‘तुमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे घर या महिन्यात अमुक दराने गेले’ हे एक वाक्य घरमालकाला हवेच असते. शुभेच्छांची ठोक चित्रे पाठवू नका. ती कोणी पाहत नाही, आणि जे पाहतात ते वैतागतात.

एवढी माहिती खात्रीने सांगता यायची तर कामाचा परिसर लहान हवा. ‘आम्ही सगळीकडची घरे करतो’ या वाक्याचा ग्राहकाला कळणारा अर्थ असा असतो की, यांना कुठलीच इमारत आतून ठाऊक नाही. एकमेकींना लागून असलेल्या चाळीस-पन्नास इमारती निवडा आणि त्या पाठ करा. कोणत्या इमारतीची लिफ्ट वारंवार बंद पडते, कुठे मोठी दुरुस्ती यंदा निघणार आहे आणि तिची वर्गणी किती पडेल, कोणत्या बाजूच्या घरांना दुपारी ऊन लागते, पार्किंगवरून कुठे भांडणे आहेत, आणि मुख्य म्हणजे मागच्या दोन वर्षांत कोणते घर कितीला मागितले होते व प्रत्यक्षात कितीला गेले. मागितलेली किंमत पोर्टलवर सर्वांना दिसते. मिळालेली किंमत जमवायला श्रम पडतात, म्हणून तिची यादी ही तुमची खरी पुंजी आहे.

या यादीचा उपयोग स्वतःला सावरण्यासाठीही होतो. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एक प्रयोग केला. एकच घर एजंटांना दाखवायचे, सोबतची सर्व माहिती तीच ठेवायची, फक्त मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी सांगायची. ज्यांना मोठा आकडा सांगितला त्यांनी घराचे मोल जास्त ठरवले आणि ज्यांना छोटा सांगितला त्यांनी कमी. तरीही त्या आकड्याचा आपल्यावर परिणाम झाल्याचे बहुतेक एजंटांनी मान्य केले नाही. तेव्हा मालकाच्या तोंडून आकडा ऐकण्यापूर्वीच, यादी पुढे ठेवून, आपला अंदाज लिहून काढण्याची सवय लावून घ्या. मग मालकाने पंधरा टक्के जास्त सांगितले तर तुमच्याजवळ उभे राहायला जागा असते. घर हातचे जाऊ नये म्हणून मालकाला आवडेल तो आकडा मान्य करणारे एजंट प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यांना लिस्टिंग मिळतेही. परंतु घर बाजारात आले की त्या भागात आधीपासून शोधत असलेले सगळे खरेदीदार पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ते पाहून घेतात. किंमत अवाच्या सवा असेल तर ते सगळे एकदम नाकारतात आणि नंतर उरतात ते फक्त नव्याने शोध सुरू करणारे तुरळक लोक. दोन महिने पडून राहिलेल्या घराबद्दल ‘यात काहीतरी गडबड असेल’ अशी शंका सुरू होते आणि शेवटी ते योग्य किमतीपेक्षाही खाली जाते. मालकाला हे आधीच समजावून, ‘अमुक तारखेपर्यंत एकही ऑफर आली नाही तर किमतीचा पुन्हा विचार करू’ असे लिहून घ्या. तो तयार नसेल तर नमस्कार करून बाहेर पडा. दोन महिन्यांनी त्यांतले काही जण स्वतःहून फोन करतात.

व्हिडिओंची फार काळजी करू नका. ते अनोळखी माणसांना दारापर्यंत आणतात, ही त्यांची जमेची बाजू आहे, आणि घर नीट दाखवणारा, क्षेत्रफळ व मेंटेनन्स स्पष्ट सांगणारा साधा व्हिडिओ फोनवर कोणालाही काढता येतो. संगीत लावून नाचत घर दाखवले नाही म्हणून कोणाचे घर विकायचे राहिलेले नाही.

पैशांच्या अनियमितपणाकडे मी अधिक गंभीरपणे पाहतो, कारण चांगले एजंट व्यवसाय सोडतात ते बहुतेक वेळा याच कारणाने. घरांचा बाजार व्याजदरावर चालतो आणि व्याजदर तुमच्या हातात नाही. अमेरिकेत तीस वर्षे मुदतीच्या गृहकर्जाचा दर २०२१ च्या जानेवारीत २.६५ टक्के इतका खाली होता, तो २०२३ च्या ऑक्टोबरात ७.७९ टक्क्यांवर गेला. जुन्या घरांची वर्षाची विक्री त्याच अवधीत सुमारे ६१ लाखांवरून ४१ लाखांवर आली, जी १९९५ नंतरची सर्वांत कमी होती. त्याआधीच्या मोठ्या मंदीत तिथल्या एजंटांच्या संघटनेची, नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सची, सभासदसंख्या २००६ मधल्या साडेतेरा लाखांवरून २०१२ पर्यंत दहा लाखांच्या आसपास उतरली होती. तेजीत या धंद्यात कोणीही येतो आणि मंदी त्यांना बाहेर काढते. मंदीनंतर जे उरतात, त्यांच्याकडे मागून येणाऱ्या तेजीचे काम चालून येते.

उरायचे तर दलालीचा प्रत्येक धनादेश वेगळ्या खात्यात जमा करा, कराचा भाग लगेच बाजूला काढा आणि त्या खात्यातून स्वतःला दरमहा ठरावीक पगार द्या; चांगल्या महिन्यात तो वाढवू नका. पहिली चौकशी ते हातात पडणारी दलाली यांत तीन-चार महिने सहज जातात, आणि मधेच कर्ज मंजुरी अडकली किंवा पार्टी फिरली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून वर्षभराच्या घरखर्चाइतकी शिल्लक मी या व्यवसायात आवश्यक मानतो. या शिलकीचे दुसरे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुढच्या महिन्याचा हप्ता ज्याच्या डोक्यावर बसलेला आहे, तो एजंट ‘हे घर तुमच्यासाठी नाही’ हे वाक्य उच्चारू शकत नाही, आणि रंगवलेल्या भिंतीबद्दल बोलूही शकत नाही. तुमची अडचण तुमच्या सल्ल्यात उतरते, मग तुम्ही ती कितीही लपवा.

मंदीच्या दिवसांत भाड्याच्या घरांची कामे कमी लेखू नका. दलाली थोडी असते आणि धावपळ तेवढीच, हे खरे. पण आज भाड्याने राहणारे पुष्कळ लोक चार-पाच वर्षांनी घर घेतात आणि वहीत त्यांचे पान तयार असते. त्या दिवसांत विकणारे मालकही समजून घ्यावे लागतात. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टनमधील फ्लॅटविक्री अभ्यासून २००१ मध्ये दाखवले की, ज्यांची खरेदीची किंमत चालू बाजारभावापेक्षा वर होती ते मालक त्या तुटीच्या पंचवीस ते पस्तीस टक्के इतकी किंमत वाढवून मागत होते. नुकसान समोर दिसत असताना माणूस आकड्याला चिकटतो. अशा मालकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तेच पैसे घेऊन तो जे दुसरे घर घेणार आहे, तेही तितकेच स्वस्त झाले आहे, हे कागदावर मांडून दाखवले तर काही जण ऐकतात.

बिल्डरच्या नोकरीबद्दल सरळ सांगतो. ते काम वाईट नाही, पण ते वेगळे काम आहे. तिथे एकाच विक्रेत्याची घरे विकायची असतात, येणारा ग्राहक कंपनीचा असतो आणि नोकरी सोडताना वही कंपनीकडे राहते. तुमच्याजवळ सहा-आठ महिन्यांची शिल्लक असेल तर नोकरी घेऊ नका. सात वर्षांत मिळवलेल्या ओळखींचे फळ मिळायला साधारण आताच सुरुवात होते आणि नेमक्या अशा वेळी दुकान बंद करणे मला पटत नाही. शिल्लक अजिबात नसेल आणि घराचे हप्ते तुमच्यावर असतील, तर दोन वर्षांसाठी खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त नेमणूकपत्रात नोकरी सोडल्यावर त्याच भागात काम करण्यास मनाई आहे का, आणि आधीच्या ग्राहकांशी संपर्क ठेवण्यावर बंधन आहे का, ही दोन कलमे सही करण्यापूर्वी वाचून घ्या.

पार्टी परस्पर मालकाला भेटून डायरेक्ट झाली आणि दलाली बुडाली, अशी तक्रार तुमच्या पत्रात नाही, पण सात वर्षांत ती वेळ आलीच असेल. त्यावर तोंडी आश्वासने उपयोगी पडत नाहीत. पहिली व्हिजिट करण्यापूर्वी एक पानाचा लेखी करार करा: काम कोणासाठी, दलाली किती, ती कोण आणि केव्हा देणार, मुदत किती. जगभर नियमांची दिशाही याच बाजूला आहे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या एस्टेट एजंट्स ॲक्टपासून एजंटला आपले शुल्क आधी कळवावे लागते आणि घरात स्वतःचा हितसंबंध असेल तर तो उघड करावा लागतो. जर्मनीत डिसेंबर २०२० पासून, राहते घर घेणाऱ्या सामान्य खरेदीदारावर, एजंट नेमला विक्रेत्याने असेल तर, दलालीचा निम्म्याहून जास्त भार टाकता येत नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराला घर दाखवण्याआधी त्याच्याशी लेखी करार करणे नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या सभासद एजंटांना बंधनकारक झाले आहे. भारतात २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाखाली नोंदणीकृत प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटला स्वतःची नोंदणी करावी लागते आणि हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात. रीसेलच्या कामाला एखादा नियम लागू होत नसला, तरी कागदाची शिस्त तीच पाळावी.

राहिला भाचा. त्याला अवश्य घ्या, पण मदतनीस म्हणून घेऊन लगेच गिऱ्हाइकांपुढे उभे करू नका. पहिले सहा महिने त्याने तुमच्या इमारतींच्या याद्या अद्ययावत कराव्यात, विकल्या गेलेल्या घरांच्या खऱ्या किमती जमवाव्यात, प्रत्येक घराचे कार्पेट क्षेत्रफळ टेपने मोजून कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावे आणि व्हिजिटला तुमच्यासोबत येऊन तोंड बंद ठेवावे. तोंड बंद ठेवणे हे या धंद्यातले अवघड शिक्षण आहे. या काळात त्याला थोडा का होईना, पण ठरावीक पगार द्या. शिकाऊ मुलाला नुसत्या दलालीच्या वाट्यावर ठेवले की तो पहिल्याच महिन्यात घर गळ्यात मारायला शिकतो आणि ते विसरायला त्याला फार वर्षे लागतात. वर्षभराने तो लहान भाड्याची कामे स्वतः करू लागला, तर रविवार आणि रात्रीचे फोन त्याच्याकडे वाटून देता येतील. वीस वर्षे काम करायचे असेल तर आठवड्यातला एक दिवस फोन बंद ठेवण्याची सोय तुम्हाला आज ना उद्या करावीच लागणार आहे. त्याचा वाटा किती, तो सोडून गेला तर वही कोणाची, आणि त्याने आणलेले गिऱ्हाईक कोणाचे, हे त्याच्या पहिल्या व्यवहाराच्या आधी लिहून घ्या, आणि त्या कागदाची एक प्रत बहिणीलाही वाचायला द्या.